स्थानकाच्या नकाशात पासधारकांचे म्हणणे कसे पोहोचवावे?

अपडाऊन_शिक्षिका: गेली अकरा वर्षे मी भुसावळ विभागातील एका लहान स्थानकावरून जळगावला अपडाऊन करते. रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाच्या अमृत भारत योजनेत आमच्या स्थानकाचे काम निघाले असून, नव्या नकाशात फलाटालगतचा जुना कडुनिंब काढून तेथे वाहनतळ दाखवला आहे. महिलांचा डबा नेमका त्या झाडासमोर लागतो. पत्र्याची शेड त्याच्या बरीच अलीकडे संपते आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा डब्याच्या साऱ्या बायका त्या एका सावलीत दाटीने उभ्या असतात. हे कोणाला व कसे सांगावे?

निवृत्त_बांधकाम: ताई, फलाटाची उंची (रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर) आणि रुळापासूनचे अंतर नियमांनी ठरलेले असते, त्यात वेळ घालवू नये. शेड, नळ, बाक, उतार, रिक्षाथांबा यांच्या जागा मात्र पायाचे काँक्रीट पडेपर्यंत बदलता येतात. नुसता ‘झाड वाचवा’ असा अर्ज देऊ नका. आठवडाभर रोज सकाळी गाडीपूर्वी शेडच्या शेवटच्या खांबापासून पावले मोजून, कोठे किती माणसे उभी असतात ते कागदावर मांडा आणि तो कागद स्थानक सल्लागार समितीच्या सदस्यांमार्फत विभागीय अभियंत्यांकडे द्या. मोजलेला कागद बाजूला सारणे अवघड जाते.

सावदेकर: आमचे सावदा आणि धुळे ही दोन्ही स्थानके याच योजनेत 22 मे 2025 रोजी लोकार्पण झालेल्या 103 स्थानकांत होती. माझी एकच विनंती आहे: पासधारकांपुरतेच थांबू नका. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन चढणारी बाई, हमाल, रिक्षावाले यांना उताराची आणि गेटची अडचण आपल्याहून अधिक ठाऊक असते, पण अर्जावर त्यांची सही क्वचितच दिसते.

धुळेकर_पासधारक: बैठक कार्यालयात सकाळी अकराला ठेवली, तर अपडाऊनवाला येणारच नाही, ती फलाटावर, गाडीच्या अर्धा तास आधी आणि अहिराणीत व्हावी. निवृत्त दादांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. झाडाची मागणी सोडू नये, कारण उन्हाळ्यात पत्र्याखाली जी धग जाणवते, ती कडुनिंबाखाली जाणवत नाही. वाहनतळ चार हात सरकवता येतो.

अपडाऊन_शिक्षिका: दादा, भाऊ, आभारी आहे. सोमवारपासून आम्ही मोजणी सुरू करतो. झाडाची मागणी आणि शेड वाढवण्याची मागणी एकाच अर्जात लिहावी की वेगवेगळ्या, एवढे कृपया सांगावे.

निवृत्त_बांधकाम: वेगवेगळ्या लिहा. एक नाकारली गेली, तरी दुसरी तिच्यासोबत अडकून पडणार नाही.