पाठभर गुलाबी चट्टे: हा नायटाच आहे का?

लेकीला (वय १९) तीन आठवड्यांपूर्वी बरगडीखाली दहाच्या नाण्याहून मोठा गुलाबी चट्टा उठला. दुकानातून नायट्याचं मलम आणून दहा दिवस लावलं. तो तसाच, वर पाठभर बारके लंबगोल चट्टे. काल खिडकीपाशी नीट पाहिलं, तर प्रत्येकाच्या कडेच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल सुटलीय. टॉवेल, चादरी उकळल्या. घरात सासूबाई आहेत, त्यांना लागेल का? जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर १:
ताई, हुबेहूब हेच मला कॉलेजात झालेलं. पिटिरायसिस रोझिया म्हणतात, त्वचेवरचं आपोआप जाणारं पुरळ. आधी एक मोठा चट्टा, आठ-पंधरा दिवसांनी बाकीचे, पाठीवर बरगड्यांच्या रेषेत तिरके. बहुतेकांचं ६ ते ८ आठवड्यांत आपोआप जातं, माझं दहा आठवडे रेंगाळलं. सहसा एकाचं दुसऱ्याला लागत नाही, आजींची काळजी सोडा. मलम मात्र थांबवा. अशा मिश्र मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि खरा नायटा असलाच तर तो वरवर दबून आणखी पसरतो.

उत्तर २:
तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की नायट्याची बुरशी आहे का ते कळतं. तळहात-तळपायांवरही चट्टे असतील तर रक्ताची व्हीडीआरएल तपासणी सांगतील. ती सिफिलिससाठी, म्हणजे लैंगिक संबंधातून लागणाऱ्या आजारासाठी; राग मानू नका, त्याचं पुरळ असंच दिसतं. कोपर-गुडघ्यांवर जाड चंदेरी खवले असले तर सोरायसिस.

प्रश्नकर्ती:
दाखवून आले. बुरशी नाही, रोझियाच. खाजेसाठी गोळी आणि साधं मॉइश्चरायझर दिलंय. दादा, तुमचे डाग राहिले का हो?

उत्तर १:
दोनेक महिने तपकिरी दिसत होते, मग गेले.