एमए मराठीचं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) : डिपार्टमेंटने नक्की काय करायचं असतं?

सेमदोन_वैताग
एमए पार्ट वन, तालुक्याचं कॉलेज. सेम २ ला ४ क्रेडिटचं ओजेटी आहे म्हणजे १२० तास. एचओडी सर वर्गात येऊन म्हणाले आपापलं ठिकाण शोधा, शेवटी सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट आणून द्या, झालं. मी एका साप्ताहिकाच्या ऑफिसात जातेय, वाटलेलं प्रूफं तपासायला मिळतील पण अजून नुसती जाहिरातींची जुनी बिलं एक्सेलमध्ये भरतेय, आणि आता मालक म्हणतायत सातपर्यंत थांबत जा, माझी शेवटची एसटी साडेसहाची. फॉर्मवर मेंटॉर म्हणून ज्या मॅडमचं नाव आहे त्यांचा एकदाही फोन नाही. वर्गातली बरीच पोरं ओळखीतून नुसतंच सर्टिफिकेट आणणार आहेत. कॉलेजकडे मी काय मागू शकते?

निवांत_गडी
सर्टिफिकेट आण नि सेट-नेटच्या मागे लाग. नाहीतर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये घुस, पदवीवाल्याला महिना १०,००० मिळतात.

खडूफळा
निवांतराव, ती योजना शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नाहीये, पोरीला उगाच पळवू नका.

मी स्वतः एमएला शिकवतो. २०२३ ला आमच्याकडे एनईपी (नवं शिक्षण धोरण) लागू झालं आणि त्याबरोबर ओजेटी आलं, तेव्हा कॉमर्सवाल्यांना सीएची ऑफिसं, पतसंस्था आयत्या होत्या, आम्ही भाषावाले एकमेकांची तोंडं बघत बसलो, त्यामुळे तुमच्या सरांची अडचण कळते. पण विभागाने निदान विनंतीपत्र तरी द्यायलाच हवं, त्यात काम काय, वेळ किती ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, त्यावर त्या ठिकाणाचं संमतीपत्र, आणि मधे एकदा तरी शिक्षकाने तिथं जाऊन यावं. हे कागद नसले की मालकाला तू फुकटची क्लार्कच वाटणार.

आणि गावात अ किंवा ब वर्ग (सरकारमान्यतेतली वरची श्रेणी) वाचनालय असेल तर बघ. आमच्या दोन मुलींनी तिथले माळ्यावर पडलेले जुने दिवाळी अंक काढून लेखक-विषयवार सूची केली, अर्ध्या अंकांना मुखपृष्ठच नव्हतं, मग दाखल नोंदवहीत शोधून साल लावायचं. व्हायवाला परीक्षक मार्कांचं विसरून त्यावरच गप्पा मारत बसले.

फिल्डवर्कवाली
मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) केलंय, आमच्याकडे हे पहिल्यापासूनच आहे. आठवड्याला दोन दिवस फिल्डवर्क, त्याचा रिपोर्ट आणि मग आयसी, म्हणजे सुपरवायझर एकेकाला घेऊन बसणार. तास किती भरले हे नंतर, आधी तू तिथं काय केलंस, का केलंस, तो माणूस काय म्हणाला, घाम फुटायचा अक्षरशः! पण एका संस्थेत आमच्याकडून नुसत्या फायली लिहून घेतायत हे त्या आयसीमुळेच सरांना कळलं, ते स्वतः जाऊन बोलले, तरी फरक पडेना तर सरळ एजन्सी, म्हणजे फिल्डवर्कची संस्थाच, बदलून दिली. एमएच्या विभागांनी हे एवढं उचललं तरी पुष्कळ.

अजून एक, सातपर्यंत थांबवणं म्हणजे लगेच काही वाईट असं मी म्हणत नाही, पण माहीत असू दे. यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत कॅम्पसच्या व्याख्येत इंटर्नशिपची जागाही येते. काही झालं तर कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जाता येतं, 'ते बाहेरचं आहे' म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही.

सेमदोन_वैताग
हे खरंच माहीत नव्हतं. उद्या मॅडमना भेटते. ठिकाण बदललं तर झालेले तास वाया जातील का?

खडूफळा
ते विभागाच्या हातात आहे, म्हणून तोंडी विचारू नकोस. अर्ज दे, हजेरीची झेरॉक्स जोड आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस. विनंतीपत्राचा नमुना व्यनि (खासगी मेसेज) केलाय.