‘बायोअ‍ॅक्टिव्ह’ सिमेंट: गुण औषधाचा की हाताचा?

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. दुसरीकडे रूट कॅनाल करताना खालच्या दाढेला, दोन मुळांच्या मधोमध छिद्र पडलं होतं. तीन आठवडे ते तसंच उघडं, आत कापसाचा बोळा. त्यांनी विचारलं, “डॉक्टर, ते बायोअ‍ॅक्टिव्ह सिमेंट घातलं की हाड परत येतं ना?”

हा शब्द आपण फार सैल वापरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातलंच एक सिमेंट एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रीगेट), म्हणजे सुमारे ७५ टक्के पोर्टलँड सिमेंट, २० टक्के बिस्मथ ऑक्साइड, ५ टक्के जिप्सम. पाणी लागलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं, त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटला भेटतं आणि पृष्ठभागावर हाडा-दातांतल्या खनिजाचा, म्हणजे अ‍ॅपेटाइटचा थर बसतो. प्रयोगशाळेत सिमेंटची चकती क्षारांच्या द्रावणात बुडवून हा थर दाखवतात आणि त्यालाच ‘बायोअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. तिथे ना रक्त, ना जंतू, ना पेशी. उलट बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवर (हाडाच्या पोकळीत भरतात तो पदार्थ) असा थर येईलच असं नाही, तरी ते हाडाशी जुळतं. मग त्या थरावरून पेशंटला शब्द कसा द्यायचा?

प्रतिसाद १
सर, पूर्ण असहमत. द्रावण बाजूला ठेवा. १९९५ साली पिट फोर्ड, तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उपदाढांमधली अशीच छिद्रं बुजवली. लगेच बुजवलेल्यांत अमाल्गमखाली (पारा-चांदीचं जुनं भरण) सगळीकडे सूज, एमटीएखाली सहापैकी एकातच. उरलेल्या पाचांत सिमेंटवर चक्क नवं सिमेंटम (दाताच्या मुळावरचं नैसर्गिक आवरण) आलं होतं! जिवंत पेशींनी त्याला आपलं मानलं. बायोअ‍ॅक्टिव्ह म्हणायला आणखी काय हवं?

मूळ धागाकर्ता
तोच अभ्यास पुढे वाचा. छिद्र उघडं ठेवून, लाळेने घाण झाल्यावर जे भरले, त्यांत एमटीएच्या सातपैकी चारांत सूज होती. सिमेंट तेच, भरायची वेळ वेगळी.

प्रतिसाद १
आणि त्याच गटात अमाल्गमचे सगळेच सुजले होते. उशीर झाला तरी एमटीए उजवंच ठरलं. तुमच्या बाईंना मी आशा दाखवली असती, आणि ती खोटी नसती.

प्रतिसाद २
मी नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे, त्यामुळे हाताचं बोलते. एमटीए ओल्या वाळूसारखं, कॅरियरमधून (सिमेंट नेऊन सोडायची नळी) सोडलं तरी रक्तात वाहून जातं, सेट व्हायला पावणेतीन तास. बायोडेंटिन हे त्याच जातीचं दुसरं सिमेंट १२ मिनिटांत सेट होतं. समोरच्या दातात तर मी एमटीए टाळतेच, बिस्मथने दात काळवंडतो. बायोअ‍ॅक्टिव्हिटीच्या वादात हे कुणी बोलतच नाही.

मूळ धागाकर्ता
बरोबर आहे, रक्त थांबवण्यातच माझी वीस मिनिटं गेली. लाळ अडवायला रबर डॅम, जंतू मारायला हायपोक्लोराइट, मग एमटीए, वर ओला कापूस.

प्रतिसाद १, तुमचं एवढं मान्य: अमाल्गमच्या काळात ती दाढ मी काढलीच असती. पण बाईंना मी “हाड येईल” म्हटलं नाही. “छिद्र बुजवलंय, आतली घाण काढलीय, सहा महिन्यांनी एक्स-रे काढू” एवढंच म्हटलं. त्यांनी परवानगी दिली तर तो एक्स-रे इथेच टाकतो, काहीही दिसलं तरी.