आई ओ, वडील बी, मुलगा ओ आणि सारखा आजारी! मदत हवी आहे

मधुमालती:
नमस्कार. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, मिस्टरांचा बी पॉझिटिव्ह, मुलाचा ओ पॉझिटिव्ह. एक महिना सरळ जात नाही. ताप, खोकला, अँटिबायोटिक, आठ दिवस बरा, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, पोराने बापाचं रक्त घेतलं नाही म्हणून अंगात ताकद नाही. रक्तगट न जुळल्याने मूल आजारी पडतं का? आणि वडील बी असताना ओ आलाच कसा? घरात रोज हाच विषय चालू आहे, प्लीज लवकर सांगा.

केदार_सातारा:
वय किती? वजन? पाळणाघरात जातो का? पाळणाघर सुरू झालं की पहिल्या वर्षी आठ-आठ वेळा सर्दी होते, आमच्या मुलीचं तेच झालं. एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

शुभदाकाकू:
अगं, दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन सुरू कर. माझ्या नातवाला वर्षभर दिलं, आता डॉक्टरचं तोंड बघत नाही.

लॅबवाला:
आधी रक्तगटाचं. प्रत्येकाकडे दोन जनुकं असतात, एक आईचं, एक वडिलांचं. तुमच्याकडे दोन्ही ओ. मिस्टरांकडे एक बी आणि एक ओ असेल तरी त्यांचा गट बी-च दिसतो. मुलाला त्यांचं ओ मिळालं, तुमचं ओ मिळालं, झाला ओ. म्हणजे वडिलांचं घेतलंच आहे. बी-ओ जोडप्यात हे अगदी नेहमीचं. ताप-खोकल्याशी त्याचा संबंध नाही.

तेजस_पी:
बाळंतपणात अँटी-डी इंजेक्शन घेतलं होतं का? ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं, माझ्या बहिणीच्या वेळी फार धावपळ झाली होती.

लॅबवाला:
ते आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर. इथे तिघंही पॉझिटिव्ह आहेत.

मधुमालती:
अडीच वर्षांचा आहे. पाळणाघर नाही, घरीच असतो. वजन कमीच आहे, दहा किलोसुद्धा नाही. मागच्या वेळी न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ आलं, आयर्नचं टॉनिक दिलंय. पण माझा प्रश्न रक्तगटाचा होता.

शुभदाकाकू:
बीट, खजूर, काळ्या मनुका. आणि भाजी लोखंडी कढईतच कर.

केदार_सातारा:
घरी असणाऱ्या मुलाला एवढी इन्फेक्शन्स आणि हिमोग्लोबिन सात? मग माझं पाळणाघराचं उत्तर इथे लागू नाही. काकू, हे बीट-खजुराने भागणारं नाही.

वैनगंगा:
मधुमालतीताई, तुमचं माहेर कुठलं आणि मिस्टरांचं गाव कोणतं?

तेजस_पी:
मूल आजारी आहे आणि तुम्ही गाव विचारताय? पुढे आडनाव विचाराल. इथे हे चालणार नाही.

वैनगंगा:
आडनाव नको मला. मी भंडाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, म्हणून विचारतेय. ताई, अजून सांगा. डोळे पिवळट दिसतात का? हातापायांची बोटं कधी सुजली होती का?

मधुमालती:
माहेर चंद्रपूरजवळ, सासर साकोली. सध्या आम्ही हिंजवडीला असतो. हो, गेल्या थंडीत दोन्ही हात सुजून टम्म झाले होते, रात्रभर रडला. वाऱ्याचं असेल म्हणून तेल लावलं, पाचव्या-सहाव्या दिवशी उतरलं. डोळ्यांचं सगळेच म्हणतात. तुम्हाला कसं कळलं? आणि एक, बारावीत कॉलेजात तपासणी झाली होती, त्या कार्डावर माझं एएस लिहिलंय. ते रक्तगटाचंच ना?

वैनगंगा:
नाही ताई. एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक. रक्तगटाचं जनुक नऊ नंबरच्या गुणसूत्रावर असतं, सिकलसेलचं अकरावर. दोन्ही वेगळी, एकावरून दुसरं ओळखता येत नाही. तुमच्याकडे सिकलचं एकच जनुक आहे, म्हणून तुम्हाला सहसा त्रास नाही. मिस्टरही एएस असतील तर प्रत्येक खेपेला मूल एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेलं, आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, पूर्ण निरोगी २५ टक्के.

एसएस असलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. लहान मुलाची बोटं सुजतात ती याने. निरोगी पेशी १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून हिमोग्लोबिन कमी आणि डोळे पिवळे. आणि सारखं आजारपण? जंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, मग न्यूमोनियाचे जंतू सहज वरचढ होतात.

तपासल्याशिवाय मी नाव लावणार नाही. पण उद्याच जा. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. मिस्टरांचीही करा. डॉक्टरांना तुमचं कार्ड दाखवा आणि गावं सांगा. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे डॉक्टरच्या डोक्यात हे आधी येतं, पुण्यात आपण सांगितल्याशिवाय येत नाही. आणि हे फक्त आदिवासींत असतं असंही नाही. आयर्न चालू ठेवायचं का, तेही विचारा. इथे दरवेळी लोहाची कमतरता असतेच असं नाही.

शुभदाकाकू:
अहो, एका कार्डावरून एवढं घाबरवायचं? बिचारीला झोप लागणार नाही.

केदार_सातारा:
काकू, न घाबरवता अडीच वर्षं गेली. जाऊ द्या त्यांना तपासणीला.

तेजस_पी:
वैनगंगाताई, गावावरून बोललो ते मागे घेतो.

अपर्णा_एडिसन:
इथे अमेरिकेत प्रत्येक बाळाच्या टाचेतून जन्मतःच रक्त घेऊन सिकलसेल तपासतात. रक्तगट मात्र कुणी विचारत नाही, माझ्या मुलांचा मला अजून माहीत नाही.

माऊली७:
विषय निघालाय म्हणून विचारतो. भाचीचं स्थळ आलंय, दोघांचाही ओ पॉझिटिव्ह. गुरुजींनी एकनाडी सांगितली आहे, त्यात रक्तगटही एक. मुलांना त्रास होतो ना?

लॅबवाला:
एक रक्तगट असल्याने मुलांना काहीही होत नाही. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा.

मधुमालती:
उशीर झाला लिहायला. रिपोर्ट आला, एसएस. मिस्टर एएस निघाले. खूप रडले, पण निदान नाव तरी कळलं. आयर्न बंद केलं, फोलिक ॲसिड आणि पेनिसिलिन सुरू झालं. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचं पुढच्या भेटीत ठरेल. सासूबाई आता म्हणतात, सुनेकडून आलं. आणि पेनिसिलिन रोज, वर्षानुवर्षं द्यायचं? त्रास नाही का होणार? ताप आला तर काय करायचं?

वैनगंगा:
सासूबाईंना मिस्टरांचा रिपोर्ट वाचून दाखवा. एसएस व्हायला दोघांकडून एकेक लागतं, एकटीकडून होतच नाही. पेनिसिलिन निदान पाच वर्षांचा होईपर्यंत चुकवू नका, ॲलर्जी नसेल तर मुलं ते नीट सोसतात. न्यूमोकोकलच्या लसी झाल्यात का ते बघा. ताप १०१ च्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना. पोट कसं चाचपायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. डाव्या बरगडीखाली प्लीहा अचानक मोठी लागली आणि पोर पांढरं पडलं, तरी तसंच पळायचं. पाणी भरपूर पाजा, थंडीत हातपाय झाकून ठेवा. घरात दीर-नणंद लग्नाचे आहेत का?

मधुमालती:
दीर आहेत. दिवाळीनंतर ठरायचंय.

वैनगंगा:
मग त्यांची तपासणी आत्ताच करा. साकोलीला सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत. ते एएस निघाले तर मुलीचीही तपासणी करून मगच सुपारी फोडा.