चिपळूणच्या दमट हवेत कोणती गादी घ्यावी? सासूबाईंचे गुडघे, माझी कंबर

मुग्धा_चिपळूण

नमस्कार मंडळी. गादी घ्यायची आहे आणि चार दुकानं फिरून डोकं भणभणलं आहे, म्हणून इथे विचारते.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या सगळ्या कापसाच्या गाद्या गेल्या. भिजलेली कापसाची गादी उचलताच येत नाही. विळ्याने खोळ फाडून कापूस घमेल्याने बाहेर टाकावा लागला. पुढे घाईघाईत मिळाल्या त्या फोमच्या गाद्या घेतल्या, त्या आता बसल्यात. ह्यांच्या बाजूला एवढा खळगा पडलाय की मी रात्री आपोआप तिकडे घसरते आणि सकाळी कंबर धरलेली असते.

आमचा पलंग सुताराने केलेला, ७४ बाय ६०, खाली सामानाचा कप्पा, वर प्लाय. हे ९० किलो, मी ५२. सासूबाईंचा पलंग वेगळा, साधा चार पायांचा, ७२ बाय ३६, जमिनीपासून १८ इंच. त्या ७६ वर्षांच्या, उंची चार फूट दहा इंच, दोन्ही गुडघे दुखतात. कुशीवर झोपतात आणि रात्री बाथरूमला उठतात, त्याचीच मला जास्त काळजी आहे.

दुकानदार म्हणतो सगळ्यांना आठ इंची ऑर्थोपेडिक घ्या. माझी आई म्हणते कंबरदुखीला जमिनीवर सतरंजीसारखं औषध नाही. बजेट सगळं मिळून ३० हजार. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, हे लक्षात घेऊन सांगा.

सुमेध_बाणेर

आम्ही मेमरी फोमची आठ इंची घेतली, ऑनलाइन. खूप आवडली. बायको कूस बदलते ते मला कळतही नाही. बऱ्याच कंपन्या शंभर रात्री वापरून बघायला देतात, पटली नाही तर परत नेतात. मात्र पलंगाच्या मापाची मुद्दाम बनवून घेतली तर बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, तेवढं आधी विचारा. तुमचं ७४ चं माप जरा अडचणीचं आहे, तयार गाद्या ७२, ७५ किंवा ७८ लांबीच्या येतात. आणि हो, ती गरम होते. आमच्याकडे एसी असतो म्हणून चालून जातं.

कराडचा_गादीवाला

ताई, मी तिसऱ्या पिढीचा गादीवाला. आजोबांची कापूस पिंजायची धनुकली अजून दुकानात भिंतीला आहे. आता पिंजाई मशीनवर होते आणि कापसापेक्षा फोमचं काम जास्त येतं. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. एका घरात तीन माणसं, तीन वजनं, आणि दुकानदार एकच गादी तिघांच्या माथी मारतोय.

आधी 'ऑर्थोपेडिक' या शब्दाचं बघू. तो छापला म्हणजे आत अमुकच माल आहे असं काही नाही. बहुतेक वेळा आत रीबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमच्या कारखान्यातले तुकडे चुरून, चिकटवून, दाबून केलेला ठोकळा. माल वाईट नाही. जड असतो, कडक असतो, लवकर दबत नाही. मी स्वतः खालच्या थराला तोच वापरतो. पण नुसत्या त्याच्यावर वर पातळ थर देऊन कुशीवर झोपणाऱ्या म्हातारीला दिला तर तिचा खांदा आणि खुब्याचं हाड रात्रभर दुखणार.

दुसरं, डेन्सिटी. दुकानात '४० डेन्सिटी' म्हणतात म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो. ती कडक की मऊ, हे त्यावरून कळत नाही. ४० चा फोम मऊही येतो, कडकही येतो. तुमच्या गाद्या एवढ्यात बसल्या त्या बहुधा डेन्सिटी कमी असल्यामुळे. घाईच्या दिवसांत गाडीभर माल येतो तो हलकाच असतो.

आता हे तपासायचं कसं, ते सांगतो. ग्राहकाला हे माहीत असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. गादीच्या खोळीला चेन असेल तर उघडायला लावा, आतला फोम बाहेर काढा आणि तोला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा हुकाचा काटा मिळतो, तो नेलात तरी चालेल. लांबी, रुंदी, जाडी इंचात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, ६१ हजाराने भागा. हे झाले घनमीटर. ७२ बाय ३६ ची चार इंची गादी धरा. गुणाकार १०,३६८, भागून आले ०.१७. ४० डेन्सिटी असेल तर वजन ६ किलो ८०० च्या आसपास भरलं पाहिजे. ३२ असेल तर साडेपाचच्या जरा खाली. दुकानदार चाळीस म्हणाला आणि काटा पाचच्या आत थांबला, तर तिथून उठा. हा हिशेब साध्या फोमचा. रीबॉन्डेड मुळातच याच्या दुप्पट किंवा जास्त जड, त्यामुळे दोन्ही थर चिकटवलेले असतील तर वजनावरून काही कळणार नाही. सुटे थर बघायला मागा.

काथ्याच्या गादीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणात कुणी ना कुणी सुचवणारच. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक मारून त्याच्या लाद्या करतात. हवा खेळती राहते, उबारा होत नाही, किंमत बेताची. पण ९० किलोच्या माणसाखाली कंबरेच्या जागी काही वर्षांत दबते आणि दबलेला काथ्या परत वर येत नाही. ती घेतली तर महिन्या-दोन महिन्यांनी उलटी करायची, डोक्याची बाजू पायाकडे करायची. पाहुण्यांच्या खोलीला उत्तम.

मेमरी फोमचं सुमेधभाऊंनी सांगितलं ते त्यांच्या घराला बरोबर आहे. १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या सीटकरता शोधलेला हा फोम. अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि शरीराच्या आकाराचा साचा धरतो. पण साचा धरला की अंगाभोवती वारा फिरत नाही. चिपळूणच्या मे महिन्यात एसीशिवाय नको. शिवाय म्हाताऱ्या माणसाला त्या खड्ड्यातून कूस वळायला जोर लागतो.

तुमच्या दोघांसाठी माझा सल्ला, ६० इंचाची एक गादी घेऊच नका. ७४ बाय ३० च्या दोन करा, जाडी दोन्हींची पाच इंच. साहेबांना खाली तीन इंच रीबॉन्डेड, वर दोन इंच ४० चा फोम. तुम्हाला खाली दोन, वर तीन इंच जरा मऊ. दोन्ही मिळून एकच खोळ शिवायची, मध्ये फट पडत नाही. त्यांचा खळगा तुमच्याकडे येणार नाही आणि पुढे एक बसली तर एकच बदलता येईल. कुठलाही गादीवाला हे करून देईल, चिपळुणातही.

फिजिओ_अनुजा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गादीवाले काकांनी मालाचं छान सांगितलंय, मी शरीराकडून सांगते.

आधी तुमच्या आईंची सतरंजी. कडक म्हणजे कंबरेला चांगलं, हे डॉक्टरही वर्षानुवर्षं सांगत आले. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, कुणाला कोणती हे त्यांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं झोपेतलं आणि उठतानाचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. त्यामुळे जमिनीवर झोपायचा हट्ट नको. आणि गुडघेदुखीच्या माणसाने तर जमिनीवर झोपूच नये, उठतानाच सगळा भार गुडघ्यावर येतो.

दुकानात बसून किंवा हाताने दाबून गादी कळत नाही. आडवं व्हा. लाज वाटते, पण दहा-पंधरा मिनिटं झोपाच, घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, आणि घरची उशी घेऊन जा. ह्यांना पाठीमागे उभं करा. मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीचा कणा सरळ रेषेत दिसला पाहिजे. कंबर खाली झोळीसारखी गेली तर गादी मऊ, खांद्याखाली टोचून कणा वर उचलला गेला तर कडक. उताणं झोपून कंबरेखाली हात सारून बघा. हात आरपार सहज गेला तर कडक, शिरलाच नाही तर मऊ, थोडा घासत गेला तर बरोबर. तुम्ही कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये एक उशी धरा, कंबरेला लगेच फरक पडतो. पाय बधिर होणं, मुंग्या, रात्री दुखण्याने जाग येणं असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

आता सासूबाई. मुग्धा, गादीच्या आधी उंची मोजा. १८ इंचाचा पलंग आणि त्यावर आठ इंची गादी म्हणजे २६ इंच. चार फूट दहा इंचाच्या बाईचे पाय त्यावर बसल्यावर लोंबकळणार. रात्री अर्धवट झोपेत त्या घसरून उतरतील, ओल्या पायांनी परत येऊन वर चढतील. पडतात ते अशाच वेळी. खुब्याचं हाड मोडलेल्या किती आज्या मी बघते, त्यातल्या कितीतरी जणी पलंगापाशीच पडलेल्या असतात.

त्यांना खुर्चीवर बसवा, पावलं जमिनीवर सपाट, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजा. पलंगाच्या काठावर बसल्यावर, गादी दबून, जी उंची राहील ती यापेक्षा एक-दोन इंच जास्त असू दे, कारण गुडघे दुखणाऱ्याला जरा उंचावरून उठणं सोपं जातं. पण टाचा टेकल्याच पाहिजेत. काठाकडची गादी भसकन दबणारी नको, बसताना तोल जातो. पलंगापाशी पायपुसणं ठेवत असाल तर ते काढा आणि बाथरूमच्या वाटेवर रात्री छोटा दिवा ठेवा.

मुग्धा_चिपळूण

सगळ्यांचे किती आभार मानू! अनुजाताई, उंचीचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंचं माप साडेपंधरा इंच भरलं. म्हणजे नुसता पलंगच उंच आहे, गादी तर पुढची गोष्ट. रात्री उतरताना त्या पलंगाच्या कठड्याला धरून आधी एक पाय खाली शोधतात, हे मी रोज बघत होते आणि वयामुळे असेल म्हणून सोडून देत होते. सुताराला बोलावलंय, तो तीन इंच पाय कापून देतो म्हणाला. वर चार इंची गादी टाकली तर जमेल ना?

काटा घेऊन दुकानात गेले. '४० ची गॅरंटी' म्हणणाऱ्या एका दुकानात ७२ बाय ३६ ची चार इंची उघडून तोलली, चार किलो नऊशे भरली. दुकानदार म्हणाला, मॅडम, फोम कोण तोलतं? दुसऱ्या दुकानातली सहा किलो सातशे भरली आणि त्याने स्वतःच चेन उघडून दिली. सासूबाईंना तिथे कुशीवर झोपवून बघितलं. उठल्यावर म्हणाल्या, "खांद्याला लागत नाही गो." आमच्या दोघांच्या गाद्याही तिथेच दोन तुकड्यांत करायला टाकते.

आता फक्त ओलाव्याचं सांगा. आमच्या पलंगाला खाली कप्पा आणि वर सलग प्लाय. मागच्या वेळी गादीच्या खालच्या बाजूला काळे ठिपके आले होते.

फिजिओ_अनुजा

१५ अधिक ४ म्हणजे १९, बसल्यावर दोनेक इंच दबेल. अगदी बरोबर बसतंय. पाय कापून झाले की त्यांना बसवून टाचा टेकतात का बघा, मगच गादीचे पैसे द्या.

कराडचा_गादीवाला

चार नऊशे म्हणजे २९ ची डेन्सिटी हो ताई, चाळीस कुठली! बरं केलंत तोललंत. कुणी तोलायला लागलं तरच हा धंदा सुधारेल.

काळे ठिपके येतात ते अंगाची वाफ खाली उतरते आणि प्लायवर अडकते म्हणून. सुतार येतोच आहे तर त्याच्याकडून तुमच्या प्लायला इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या, हात-हात अंतरावर, झोपायची जागा भरून. कप्प्यात सामान कोंबून भरू नका, वरपर्यंत भरलं तर भोकं बुजतात. सकाळी उठल्या उठल्या चादर ताणून पलंग आवरायची आपल्याला सवय असते, ती पावसाळ्यात सोडा. तासभर गादी उघडी राहू दे, पंखा चालू ठेवा. आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून गादी भिंतीला उभी करायची. दोन तुकडे असल्यामुळे तुम्हाला एकट्यालाही जमेल. ऊन पडलं तरी फोम उन्हात टाकू नका, पिवळा पडतो आणि भुगा व्हायला लागतो. ऊन कापसाला द्यायचं, फोमला वारा.

सासूबाईंच्या गादीला पाणी न झिरपणारं कव्हर घालाल तर आत प्लास्टिकचा कागद असलेलं घेऊ नका, घामाने पाठ चिकटते. वरून सुती आणि मागे पातळ थर दिलेलं मिळतं, ते घ्या, आणि दोन घ्या, पावसात एक वाळायला चार दिवस लागतात. खोळ शिवताना चेन तीन बाजूंनी लावायला सांगा. एका बाजूने लावली तर धुवायला काढताना फोम ओढून फाटतो.