त्रिकोणाचे स्थानांतरण: सदिश मोजायचा कुठून कुठपर्यंत?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर)
माझी मुलगी नववीत, इंग्रजी माध्यमात शिकते. (वहीतला ‘ट्रान्सलेशन’ हा मथळा पाहून तिच्या आजोबांनी शब्दकोश काढून ठेवला होता, ते असो.) आलेख कागदावर अ(१, २), ब(४, २), क(२, ५) हा त्रिकोण आणि त्याची सरकवलेली प्रतिमा अ′(७, −३), ब′(१०, −३), क′(८, ०) दिली होती, आणि स्थानांतरणाचा सदिश लिहायचा होता. तिने दोन आकृत्यांमधली मोकळी घरे मोजून ‘उजवीकडे ३, खाली २’ असे लिहिले. उत्तर चूक ठरले, पण का, ते वहीत लिहिलेले नाही. खरे सांगायचे तर मलाही तिचेच बरोबर वाटते.

उत्तर १
ताई, मुलीने मोजली ती दोन आकृत्यांमधली फट. सदिश मात्र आकृतीतला प्रत्येक बिंदू किती आणि कोणत्या दिशेने सरकला, हे सांगतो; म्हणून कोणताही एक शिरोबिंदू घेऊन त्याच्याच जोडीदार बिंदूपर्यंत मोजावे लागते. अ पासून अ′ पर्यंत ७ − १ = ६ आणि −३ − २ = −५. ब आणि क घेऊनही हेच येते, आणि तसे आले नाही तर ते स्थानांतरणच नव्हे. मुलीचे उत्तर दोन्हीकडे नेमके ३ ने कमी पडले आहे, कारण त्रिकोणाची रुंदी ३ आणि उंचीही ३ आहे, आणि फट मोजताना तेवढा भाग सुटतो. ही चूक वर्गात फार आढळते.

लिहिताना उभ्या कंसात वर ६ आणि खाली −५ असे लिहावे. आडवे (६, −५) लिहिले तर तो बिंदू समजला जाण्याची शक्यता असते.

उत्तर २
ग्वाल्हेरमध्येच राहता, तर मुलीला किल्ल्यावरच्या मानमंदिराच्या भिंतीपाशी न्यावे. मानसिंह तोमरांच्या काळातल्या (१४८६ ते १५१६) त्या वाड्यावर निळ्या फरश्यांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे. एका बदकाच्या चोचीवर बोट ठेवून पुढच्याच्या चोचीपर्यंत मोजले, तर सदिश मिळतो. शेपटीपासून पुढच्याच्या चोचीपर्यंत मोजले, तर केवळ मधली जागा. एखादे बदक उलट्या तोंडाचे असते, तर तिथे स्थानांतरण संपून परावर्तन आले असते, कारण स्थानांतरणात आकृती फिरत नाही आणि उलटतही नाही.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. काल रात्री तिने बटरपेपरवर त्रिकोण उतरवून तो सरकवून पाहिला आणि अ वर पेन्सिल टेकवून घरे मोजली, तेव्हा ६ आणि −५ आले. आता तिचा नवा प्रश्न असा की, हाच त्रिकोण परत जागेवर आणायचा झाला तर काय लिहायचे?

उत्तर १
दोन्ही चिन्हे बदलायची: वर −६, खाली ५. दोन्ही सदिशांची बेरीज शून्य येते, हे तिने स्वतः करून पाहावे.