शुक्राणू निवडून मूल: यात वावगं काय?

साधासरळ: गर्भपात नको, भ्रूण टाकून देणं नको, गर्भधारणेआधीच प्रयोगशाळेत शुक्राणू वेगळे करायचे आणि मुलगा की मुलगी ते निवडायचं. यात कुणाचं काय बिघडतं?

खोडरबर: वेगळे होतात तरी का? 1973 साली एरिक्सन या संशोधकांनी अल्ब्युमिन या प्रथिनाच्या द्रावातून पोहायला लावून वाय शुक्राणू, म्हणजे ज्यांच्यापासून मुलगा होतो ते, पुढे काढल्याचं सांगितलं. त्यावर दवाखाने चालले, पण नंतर इतरांनी तपासलं तर फरक सापडेना. तरी मूल मनासारखं झालं की श्रेय पद्धतीला! निम्म्या वेळा तर नुसतं नशीबही बरोबर येतं.

लेझर: ते जुनं झालं हो. एक्सवाल्या, म्हणजे ज्यापासून मुलगी होते त्या शुक्राणूत डीएनए सुमारे 2.8 टक्के जास्त असतो. रंगद्रव्य चढवून एकेक शुक्राणू लेझरसमोरून सोडतात. एक्सवाला किंचित जास्त चमकला की त्याच्या थेंबाला विद्युतभार देऊन बाजूला वळवतात. गायींमध्ये हे सर्रास चालतं.

खोडरबर: गायींमध्ये हा फरक 3.8 टक्के आहे, शिवाय त्यांच्या शुक्राणूचं डोकं चपटं, यंत्राला वाचायला सोपं. माणसात मुलीसाठी नव्वदीच्या आसपास शुद्धता मिळाली, मुलग्यासाठी त्याहून कमी. आणि चुकून गोऱ्हा झाला तर पशुपालक फार तर चरफडतो. मुलीसाठी नव्वद टक्के म्हणजे दहातलं एक जोडपं ‘चुकीचं’ मूल घेऊन घरी जाणार. त्या मुलाला काय सांगायचं?

साधासरळ: तसं तर न ठरवता झालेली मुलंही नकोशी असतात.

खोडरबर: असतात. पण त्यांच्यासाठी कुणी पैसे मोजून वेगळी मागणी नोंदवलेली नसते.

आत्या: भांडताय ते हौसेवर. माझ्या भावाच्या सासरी हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार आहे, वहिनी वाहक आहे. तिच्या मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी. मुलगी सहसा वाचते, फार तर वाहक होते. अशा घरात ‘मुलगी हवी’ म्हणणं हौस नव्हे.

खोडरबर: आत्या, तिथे माझा विरोध नाही. पण तिथेही भरवसा शंभर टक्के नाही, म्हणून भ्रूणाचीच तपासणी जास्त खात्रीची.

आत्या: आणि त्यात भ्रूण टाकावे लागतात. वहिनीला नेमकं तेच नको होतं.

साधासरळ: मग वहिनीला मुभा आणि मला मनाई?

खोडरबर: हो. तुमचं दुखणं काय ते तरी सांगा.